‘फरक आहे’ एवढंच लिहा

पारूमावशी,

तुमच्या दहाव्याला मी आलो नाही. लासलगावच्या स्टँडवर उतरलो, मार्केटच्या भिंतीपर्यंत चालत आलो आणि तिथूनच मागे फिरलो. कांद्याच्या खळ्यावरच्या बायकांनी मला पाहिलंही असेल. पण मी आलो असतो तर तुम्ही गेलात हे मला सरकारी रीतीनं कळलं असतं, आणि कळलं की कळवावं लागतं. ‘जामीनदार मयत’ एवढे दोन शब्द मला कोर्टाला लिहून द्यायचे होते. ते दिले की सुमनचं काय होतं, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत होतं?

म्हणून बारा दिवस मला काही माहीत नव्हतं. ऑफिसात जात होतो, दुसऱ्या फायली पाहत होतो. टेबलाच्या खालच्या खणात सुमनची फाईल होती. तो खण मी उघडला नाही. बायकोनं विचारलं, जेवण का जात नाही, तर म्हणालो, पोट बिघडलंय. तुमच्यासाठी उघडपणे रडायचीही सोय नव्हती, मावशी. रडलो असतो तर कळलं असतं.

मी येवल्याचा. वडील दुसऱ्याच्या मागावर पैठण्या विणायचे आणि घरात बी.ए. झालेला मी पहिला. आणीबाणी उठली त्या सुमाराला नाशिकला परिवीक्षा अधिकारी म्हणून लागलो. कोर्टानं देखरेखीवर सोडलेल्या माणसांकडे लक्ष ठेवायचं आणि अहवाल लिहायचे, हे काम. आमच्या आईला त्या हुद्द्याचं नाव कधी जमलं नाही. ती लोकांना सांगायची, पोरगा कोर्टात असतो, पण आरोपी नाही. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही हसून हसून पदर तोंडात कोंबला होता. पुढं मला हाक मारताना तुम्ही मुद्दाम म्हणायचात, “या, आरोपी नसलेले सायेब.”

नोकरीच्या पहिल्या वर्षात तुरुंगाच्या बायकांच्या बराकीत मला सुमन दिसली. दिंडोरीकडच्या एका खेड्यातली. सासरच्या भरल्या गोठ्याला तिनं आग लावली होती. त्या दिवसांत तिला गोठ्यातून कुणीतरी तिच्या नावानं हाका मारतंय असं ऐकू यायचं, आणि त्या हाका थांबवायला तिला तेवढाच उपाय सुचला. डॉक्टरांनी लिहून दिलं की हिचं मन ताळ्यावर नाही. त्यामुळे खटला थांबला. खटला थांबल्यामुळे शिक्षाही नाही आणि सुटकाही नाही. मनोरुग्णालयात पाठवायचं तर जागा नाही. चार वर्षं ती तिथं होती. तिच्यानंतर आलेल्या, शिक्षा झालेल्या बायका शिक्षा भोगून घरी गेल्या होत्या.

कायद्यात एक वाट होती. नातेवाईक किंवा मित्र जामीन राहिला, मी हिला सांभाळीन, दवाखान्यात नेईन, तारखेला हजर करीन असं त्यानं लिहून दिलं, तर अशा आजारी माणसाला बाहेर सोडता येत होतं. मला केवढा आनंद झाला. पुस्तकात वाट आहे म्हणजे ती पायाखालीही असणार, असं मला तेव्हा वाटायचं. मी तिच्या नवऱ्याकडे गेलो. त्यानं दुसरं लग्न केलं होतं. भावाकडे गेलो. त्यानं मला चहा दिला, खाटेवर बसवलं आणि म्हणाला, “साहेब, ती मेली असं आम्ही गावात सांगितलंय. मेलेलं माणूस घरी कसं आणायचं?”

असे तीन महिने गेले आणि एका सोमवारी तुम्ही माझ्या ऑफिसच्या दारात उभ्या राहिलात. पायात टायरच्या चपला, अंगाला कांद्याचा वास. तुम्ही विचारलंत, सुमनसाठी जामीन शोधणारा सायेब तो तूच का? नंतर जीभ चावून ‘तुमीच का’ म्हणालात.

तुम्ही खळ्यावर कांदा निवडणाऱ्या बायकांच्या मुकादम. तुमच्या टोळीतल्या एका पोरीच्या अंगाला एका मापाऱ्यानं हात लावला, म्हणून तुम्ही भरलेली पाटी त्याच्या डोक्यात घातली होती. त्यापायी बारा दिवस आत होतात. ज्या व्यापाऱ्याचं खळं तुम्ही वर्षानुवर्षं सांभाळलंत तोही जामीन राहायला आला नाही. थंडीचे दिवस होते. पहिल्या रात्री सुमननं तिची एक घोंगडी तुमच्या अंगावर टाकली आणि म्हणाली, “घ्या. ही माझी नाय, सरकारची हाय. लाजू नका.”

ज्या बाईनं एवढं शहाणं वाक्य बोलावं तिला वेडी म्हणून ठेवलंय, हे तुम्हाला पटेना. एवढ्यासाठी तुम्ही आला होतात.

त्या वेळचे मॅजिस्ट्रेट म्हातारे होते, शांत. त्यांनी तुम्हाला विचारलं, ही तुमची कोण?

“मैतरीण.”

“ओळख कुठली?”

“तुमच्याच जेलातली, सायेब.”

शिरस्तेदारांना खोकला आला. मॅजिस्ट्रेटनी चष्मा काढून पुसला. जमीन, घर काही आहे का, असं विचारलं. तुम्ही म्हणालात, जिमीन नाय, पण खळ्यावर अकरा बायका हायत. ही पळाली तर कुठवर पळंल? त्यांनी ऑर्डर सांगायला घेतली. जामीनकतब्यावर तुम्ही अंगठा उठवलात. शाई पुसायला कागद दिला, तर तो न घेता अंगठा लुगड्याला पुसलात.

पुस्तकात जे शिकलो नव्हतो ते मी तुमच्या खळ्यावर शिकलो. सुमनला लोकांत का बसवता, असं मी तुम्हाला विचारलं होतं, कारण मला वाटायचं आजारी माणसाला शांतता हवी. तुम्ही म्हणालात, शांत जागी एकटी बडबडली तर चार माणसं बघत्यात. इथं समद्याच बडबडत्यात, कोण कुणाशी बोलतंय कुणाला कळतंय? खरंच होतं ते. ढिगाभोवती गोणपाटावर बसून त्या बायका दिवसभर बोलायच्या, सासूशी, कांद्याशी, गेलेल्या पोराशी. त्यात सुमनचा आवाज मिसळून गेला. तिला तुम्ही आधी फक्त जोड कांदे वेगळे काढायला दिलेत, कारण ते दुरूनही ओळखू येतात. मग गोल्टी, म्हणजे बारीक कांदा. मग सडका, जो नुसता हाताला कळतो. गोळ्यांनी तिचे हात थरथरायचे, कांदे निसटायचे. नाशिकच्या दवाखान्यात डॉक्टरांना तुम्ही सांगितलंत, हिचं डोकं धरलं पण हात सोडलं, आता हातबी धरा. त्यांनी आणखी एक बारीक गोळी दिली. महिन्यातून एकदा तुम्ही दोघी एसटीनं यायच्या. सकाळच्या पहिल्या चहाबरोबर तुम्ही पदराच्या गाठीतून गोळी काढायच्या आणि ती गिळेपर्यंत तिच्या तोंडाकडे पाहत बसायच्या.

दर तीन महिन्यांनी कोर्टाची तारीख. आवारातल्या लिंबाखाली मी अहवाल काढायचो आणि तुम्हाला वाचून दाखवायचो, कारण अंगठा देण्याआधी तुम्ही ऐकल्याशिवाय सोडत नव्हता. माझे अहवाल लांबलचक असायचे. तुम्ही थांबवायच्या.

“फरक आहे, एवढंच लिवा.”

मी कारण विचारलं, तेव्हा तुम्ही सुमनच्या शेजारी बसून, डब्यातली भाकरी मोडता मोडता मला माझाच कायदा समजावून सांगितला होता. “येडी लिवलं तर आत नेत्याल. बरी लिवलं तर खटला चालवून आत नेत्याल. तिला मधल्या जागेत राहू द्या.”

मी त्यावर हसलो होतो. मधल्या जागेत माणूस कायमचा राहू शकत नाही, असं काहीतरी बोललोही होतो. आज ते हसणं आठवतं.

तीन वर्षांत सुमन खरोखर चांगली झाली. खळ्यावर तुमच्या गैरहजेरीत बायकांना जागा वाटून द्यायला लागली. मापारी गोणी कमी सांगायला लागला की ती मोठ्यानं बरोबर आकडा सांगायची. जुने मॅजिस्ट्रेट बदलून नवे आले. त्यांनी फाईल पाहून मला विचारलं, हे प्रकरण आणखी किती दिवस असंच ठेवायचं? ते माझ्या मनाला लागलं. मी विचार केला, आता खटला चालू द्यावा. आग लावली तेव्हा ती भानावर नव्हती हे डॉक्टरांच्या कागदांवरून दिसतंच. ती निर्दोष सुटेल, डाग पुसला जाईल. तुमच्या अंगठ्यावर तिनं जन्मभर का जगावं?

लिंबाखाली आपण भांडलो. मी म्हणालो, मावशी, खोटं किती दिवस लिहायचं?

“खोटं कुटं? फरक हाय का नाय?”

“आहे.”

“मग? तुमी शिकल्याली मान्सं, तुमाला वाक्य पुरं केल्याबिगर झोप येत नाय.”

मी उठून आत गेलो आणि लिहिलं, पूर्ण बरी. अक्षर सुरेख काढलं. खाली सही केली तेव्हा येवल्याच्या शाळेतले गुरुजी आठवले आणि मला स्वतःचा अभिमान वाटला. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. अभिमान वाटला होता, मावशी.

पुढचं मी लिहायला नको, पण लिहितो. ती बरी आहे म्हटल्यावर आजारी माणसासाठीचा तुमचा जामीन संपला. आता साध्या आरोपीसारखा जामीन हवा, म्हणजे ऐपतदार, सातबारावाला. तुमच्या नावावर एक गुंठा नव्हता. खळ्यावरच्या अकरा जणींच्या नावावरही नव्हता. व्यापाऱ्याकडे तुम्ही गेलात. तुम्हाला सोडवायला न येताना दिलेलं कारणच त्यानं पुन्हा सांगितलं, असं तुम्ही म्हणालात. सुमनला कोर्टातूनच नेलं. तिच्या हातात तुमचा जेवणाचा डबा होता, तो तिनं गाडीत चढताना माझ्याकडे दिला. “मावशीला द्या, आमटी सांडंल.”

अकरा महिने ती आत होती. गोळ्या कधी मिळायच्या, कधी नाही. चौथ्या महिन्यात मी भेटायला गेलो तर ती माझ्याशी बोलता बोलता मान वळवून दुसरीकडे कान देऊ लागली. मला कळलं. त्या अकरा महिन्यांत तुम्ही दर आठवड्याला तुरुंगाच्या दाराशी येत होता. मला ऊठसूट टोमणे मारणाऱ्या तुम्ही त्या दिवसांत मला एक शब्द बोलला नाहीत. मी वाट पाहत होतो. बोलला असतात तर मी तुमच्या पाया पडलो असतो. तुम्ही फक्त विचारायच्या, आज गोळी दिली का त्यांनी?

निकाल लागला. माझं म्हणणं खरं ठरलं. ती निर्दोष, कारण त्या वेळी ती भानावर नव्हती. तुम्ही माझा शर्ट ओढून विचारलंत, “सुटली ना?”

“सुटली, मावशी.”

“मग नेऊ?”

“नाही.”

निकालाखाली आणखी एक परिच्छेद होता. अशा माणसाला मोकळं सोडता येत नाही, सुरक्षित जागी ठेवावं. सुरक्षित जागा तीच, जिथून तिला आणलं होतं. तुम्ही लिंबाखाली जाऊन बसलात. मी तुमच्याजवळ उभा राहिलो, बसायचं धाडस झालं नाही. माझे वडील एकदा पैठणीच्या पदरात चुकले होते आणि दोन दिवस धागा धागा मागे काढत बसले होते. मला त्या दिवशी वाटलं, माझ्या कामात मागे जायला धागाच नाही.

तुम्हीच उठलात आणि म्हणालात, आता कुठला अर्ज करायचा ते सांगा. अर्ज करून सहा महिन्यांनी तुम्ही पुन्हा मैत्रीण म्हणून अंगठा दिलात आणि कोर्टानं सुमनला तुमच्या ताब्यात दिलं. ती परत आली. जोड कांद्यांपासून पुन्हा सुरुवात. त्यानंतर सात वर्षं मी एकच वाक्य लिहीत आलो, आणि ते तुम्हाला वाचून दाखवावंही लागलं नाही.

मी माफी कधी मागितली नाही. एकदाच प्रयत्न केला. आपण तिघं एसटीत होतो, विंचूर गेल्यावर मी म्हणालो, मावशी, त्या वर्षी माझ्याकडून... तुम्ही माझ्या हातावर सोललेला पेरू ठेवलात आणि खुणेनं सांगितलंत की गप्प बसा, ती ऐकते आहे. सुमन खिडकीबाहेर पाहत होती. मी पेरू खाल्ला.

काल मात्र मी खळ्यावर आलो, तेराव्या दिवशी. तुमच्या टोळीतल्या कौसाबाईंनी मला पाहिलं आणि ढिगावरून न उठता म्हणाल्या, “या सायेब. कळलं का आता?”

“कळलं,” मी म्हणालो. मग तिथंच, गोणीवर बसून, मला रडू आलं. बायका बोलायच्या थांबल्या नाहीत. तुम्ही म्हणायच्या तसंच झालं, त्या गलबल्यात माझं रडणं कुणाला वेगळं ऐकू आलं नाही.

सुमन तुमच्या जागेवर बसली नव्हती. ती स्वतःच्याच जागी होती, तुमचं गोणपाट शेजारी रिकामं पसरून ठेवलेलं. तिनं विचारलं, “मला न्यायला आले का?”

मी म्हणालो, नाही, सुमनताई, विचारायला आलो. मग तिला सगळं सांगितलं. कौसाबाई मैत्रीण म्हणून जामीन राहायला तयार आहेत. ते मंजूर झालं तर मी पुन्हा ‘फरक आहे’ लिहीन, आणि कौसाबाई आहेत तोवर चालेल. त्याही पासष्टीच्या. दुसरी वाट म्हणजे हिला आता कुणाच्या ताब्याची गरज नाही, असं डॉक्टरांनी आणि मी लिहायचं. ते कागद वर सरकारात जातील. मान्य झाले तर ती कायमची मोकळी. नाही झाले, किंवा मध्येच कुणी शंका काढली, तर काय, ते तिला माहीत होतं. मी म्हणालो, मावशींनी मला बजावून ठेवलं होतं, बरी असं कधी लिहू नका. मी एकदा त्यांचं ऐकलं नाही. आता मला काही सुचत नाही.

ती हातातला कांदा फिरवत राहिली. मग हसली. तुम्ही असतात तर तुम्हालाही ते हसू झोंबलं असतं.

“तुमी दोगं धा वर्सं माज्यादेखत भांडले. लिंबाखाली मी मदीच बसल्याली. मला कवा इचारलं?”

मावशी, हे खरं आहे. तुम्ही कधी विचारलं नाही आणि मीही नाही. मी ‘पूर्ण बरी’ लिहिलं तेव्हाही नाही, आणि तुम्ही फरक आहे म्हणालात तेव्हाही नाही. तुम्ही तिला जीव लावलात, मी कायदा लावला. ती आपल्या दोघांच्या मध्ये भाकरी खात बसलेली असायची.

मी पेन काढलं. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो.

“गोळी रोज घेती. पारूबाई आजारी पडल्यापून माझी मीच घेती. कांदा निवडती. कवा कवा हाक ऐकू येती, तवा मी जागची हालत नाय. बाजूच्या बाईला सांगती, आली गं हाक. ती म्हनती, येऊं दे.”

इथं मी थांबलो. म्हणालो, हाकेचं नको लिहूया, सुमनताई, त्यावरूनच ते अडवतील.

“मग खोटं लिवता का?”

तुम्हाला मी जे विचारलं होतं ते आठ वर्षांनी मला परत मिळालं. मी लिहिलं. तिनं शेवटचं वाक्य सांगितलं, “पारूबाई गेली म्हनून तीन दिस जेवले नाय. ते येड नव्हं, असं लिवा.”

तेही लिहिलं. सगळं वाचून दाखवलं. ती चौथीपर्यंत शिकलेली आहे हे फाईलच्या पहिल्या पानावर आहे, पण इतक्या वर्षांत तिच्याकडून कुणी सही घेतली नव्हती, कारण तिची सही धरायची नाही असंच सगळे समजत होते. कोर्टात ती चालेल का, मला माहीत नाही. मी पेन पुढं केलं. तिनं ‘सुमन’ लिहिलं आणि विचारलं, पुढं कुणाचं नाव लावू, नवऱ्याचं का बापाचं? मग माझ्या उत्तराची वाट न पाहता तिनं एवढंच ठेवलं आणि नावाखाली रेघ ओढली.

तारीख पुढच्या सोमवारी आहे. तोवरच्या जामिनाला कौसाबाई येतील, आणि कायमच्या मोकळीकीसाठी डॉक्टरांनी लिहून द्यायचं कबूल केलं आहे. आताचे मॅजिस्ट्रेट नवे आहेत, कसे आहेत ते ठाऊक नाही. दार उघडेल की आणखी एक परिच्छेद निघेल, मी सांगू शकत नाही. तुमच्याएवढी मला त्या इमारतीची पारख नाही. तुम्ही ओरडाल, हेही माहीत आहे. ओरडा. पण या वेळी ते माझं वाक्य नाही, आणि तुमचंही नाही.

अहवाल टेबलावर आहे. सुमनचं सांगणं खाली लिहून झालंय. नमुन्याप्रमाणे जामीनदाराची माहिती सगळ्यात वर यावी लागते, म्हणून वरची एक ओळ मी काल कोरी सोडली होती. तुम्हाला हे पत्र लिहून झालं की ती भरायची, असं ठरवलं होतं. पत्र मुद्दाम लांबवत होतो, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

आता लिहितो, मावशी. जामीनदार मयत. नातं, मैत्रीण.